रोजचे चार ओबोल

बँकेच्या नोकरीत बदली ही पावसाळ्यासारखी ठरलेली. दर तीन वर्षांनी भांडीकुंडी बांधायची, नव्या गावी भाड्याची जागा शोधायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. १९८६ साली अशाच एका बदलीच्या वेळी मी वडिलांची पुस्तकं रद्दीत घातली. वडील संस्कृतचे शिक्षक होते. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. शांकरभाष्याचे खंड, पंचदशी, ज्ञानेश्वरीच्या तीन निरनिराळ्या प्रती, न्यायशास्त्रावरची पिवळी पडलेली पुस्तकं असा दोन पोती भरतील एवढा तो ऐवज होता. मी तेव्हा स्वतःला बुद्धिवादी म्हणवत असे. या पुस्तकांशी आपला आता काही संबंध उरलेला नाही, अशी माझी पक्की खात्री होती. रद्दीवाल्याने ती तराजूत टाकली आणि किलोच्या भावाने पैसे मोजले. त्या पैशांत सामानाच्या टेम्पोचं भाडंसुद्धा सुटलं नाही. आई काही बोलली नाही. ती आतल्या खोलीत निघून गेली.

या गोष्टीचं मला पुढे बरीच वर्षं काही वाटलं नाही. वाटलं ते निवृत्तीला आल्यावर, आणि तेही एका भलत्याच देशातल्या, भलत्याच काळातल्या माणसामुळे. सार्वजनिक ग्रंथालयात ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळाचा इतिहास वाचत होतो. त्यात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा एक प्रसंग आला. अलेक्झांड्रियातल्या एका तरुण शिक्षकाने आपली ग्रीक ग्रंथांची सगळी लायब्ररी एकाला देऊन टाकली. बदल्यात एकरकमी पैसे घेतले नाहीत. घेणाऱ्याने त्याला रोज चार ओबोल द्यावेत, असं ठरलं. ओबोल म्हणजे ग्रीकांचं लहानसं नाणं. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. म्हणजे दिवसाला द्राख्मासुद्धा पुरता नाही. फार तर एका माणसाचं साधं जेवणखाण त्यात भागावं.

मी शाखेत पेन्शनचं टेबल सांभाळलेलं होतं. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगा पाहिल्या होत्या. त्यामुळे या व्यवहारातली अट माझ्या लगेच डोळ्यांत भरली. भांडवल सोडून द्यायचं आणि रोजचा ठरलेला आधार घ्यायचा, याला आम्ही अॅन्युइटी म्हणतो. सहसा ती साठीला आलेली माणसं घेतात. या माणसाने ती विशीच्या आसपास घेतली होती. कारण एवढंच, की शिकवण्याबद्दल कुणाकडून काही घ्यावं लागू नये आणि पोटासाठी कुणाचं मिंधं व्हावं लागू नये.

त्याचं नाव ऑरिजेन. पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती विचारवंतांमधला हा सर्वांत मोठा माणूस, असं बहुतेक इतिहासकार मानतात. आणि ज्याचे ग्रंथ पुढे त्याच्याच धर्माच्या लोकांनी नाहीसे होऊ दिले, असाही हाच.

त्याचा जन्म इसवी सन १८५ च्या सुमाराचा, अलेक्झांड्रियाचा. या शहराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. सिकंदराने वसवलेलं हे बंदर त्या काळी ज्ञानाचं आणि व्यापाराचं मोठं केंद्र होतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेला माल तांबड्या समुद्रातून अखेर इथेच पोचे. मुझिरिसहून आणायच्या मालावर दिलेल्या कर्जाचा दुसऱ्या शतकातला एक करारनामा आज व्हिएन्नात जपून ठेवलेला आहे. जहाज, माल, तारण, मुदत असं सगळं त्यात आहे. तो वाचताना मला आमच्या कर्जखात्याची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. मालाबरोबर माणसं येत आणि माणसांबरोबर मतं येत. ग्रीक तत्त्वज्ञ, ज्यू पंडित, इजिप्तचे पुरोहित असे सगळे एकाच शहरात नांदत, भांडत. ख्रिस्ती मंडळींची एक शिकवणीची शाळाही तिथे होती. तिचा पहिला नामांकित आचार्य पॅन्टीनस हा आधी स्टोइक तत्त्वज्ञ होता. तो धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात जाऊन आला होता, असं चर्चचा पहिला इतिहासकार युसेबिअस सांगतो. त्याच्यानंतरच्या क्लेमेंटच्या लेखनात तर बुद्धाचं नावही येतं.

या शहरातल्या ख्रिस्ती माणसासमोर एक अवघड प्रश्न होता. त्याची श्रद्धा आली होती गॅलिलीच्या कोळ्यांकडून आणि ज्यूंच्या पवित्र ग्रंथांतून. पण शाळेत तो शिकत होता होमर आणि प्लेटो. भूमिती शिकावी ती ग्रीकांकडून, वाद कसा घालावा तेही ग्रीकांकडूनच. मग देवाविषयी बोलायचं ते कुणाच्या भाषेत? योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच मुळी 'लोगोस' या शब्दापासून होते. मराठीत आपण त्याला 'शब्द' म्हणतो. पण ग्रीक कानाला त्यात शब्द, विवेक, हिशेब आणि विश्वाला सुसूत्र ठेवणारं तत्त्व असं बरंच काही एकदम ऐकू येई. हेराक्लिटसपासून स्टोइकांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या त्या शब्दावर चिंतन झालं होतं. ज्यू तत्त्वज्ञ फायलोने तो आपल्या धर्मविचारात आणला होता. असा शब्द उचलला, की त्याच्यामागची सगळी भावकी घरात येते.

यावर ख्रिस्ती लोकांत दोन तट पडले होते. कार्थेजचा टर्टुलियन म्हणे, की अथेन्सचा जेरुसलेमशी संबंधच काय? वास्तविक त्याच्या स्वतःच्या लेखनात स्टोइक विचार जागोजाग डोकावतो. दुसरीकडे रोममध्ये १६५ च्या सुमारास मारला गेलेला जस्टिन ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा घालून वावरत असे. जगात जिथे जिथे कुणी विवेकाने विचार केला, तिथे तिथे त्याच लोगोसचं बीज होतं, असं त्याचं म्हणणं. क्लेमेंट आणखी पुढे गेला. ज्यूंना जसं धर्मशास्त्र दिलं गेलं, तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान दिलं गेलं आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, असं तो शिकवी.

ऑरिजेन यातल्या कुठल्याच तटात सरळ बसत नाही. विद्येत तो क्लेमेंटच्या बरोबरीचा आणि आचरणात टर्टुलियनइतका कडक.

त्याचे वडील लिओनिडीस. त्यांनी मुलाला ग्रीक विद्या शिकवल्या आणि त्याबरोबर रोज बायबलचा काही भाग पाठ करायला लावला. मुलगा नुसतं पाठ करून थांबत नसे. या ओळीमागे काय आहे, असं विचारून तो वडिलांना भंडावून सोडी. वडील वरकरणी रागावत आणि रात्री तो झोपला की त्याच्या छातीचं चुंबन घेत, अशी हकिगत युसेबिअसने दिली आहे. युसेबिअस हा ऑरिजेनच्या मृत्यूनंतर जन्मलेला आणि त्याचा निस्सीम चाहता. त्यामुळे त्याच्या हकिगती थोड्या चाळून घ्याव्या लागतात. पण ही मला खरी वाटते. बापांच्या बाबतीत असंच असतं.

२०२ साली सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसच्या काळात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. लिओनिडीसना पकडून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. ऑरिजेनला तेव्हा सतरावं चालू होतं. वडिलांच्या मागोमाग आपणही स्वाधीन व्हायचं, असा त्याने ध्यास घेतला. आईने विनवण्या केल्या. त्या चालेनात तेव्हा तिने त्याचे सगळे कपडे लपवून ठेवले, आणि त्याला घराबाहेर पडता येईना. मग त्याने वडिलांना तुरुंगात पत्र लिहिलं, की आमच्यासाठी म्हणून तुम्ही विचार बदलू नका. मागे आई आणि सहा धाकटे भाऊ होते. मालमत्ता सरकारजमा झाली. ख्रिस्ती धर्मविचाराचा पुढचा सगळा इतिहास त्या बाईने लपवलेल्या कपड्यांवर टांगलेला होता, असं मला कधी कधी वाटतं.

घर चालवण्यासाठी त्याने जे विकलं, ते होतं ग्रीक शिक्षण. तो व्याकरण आणि साहित्य शिकवू लागला. त्याच सुमारास धर्म शिकवणारे लोक छळाच्या भीतीने शहर सोडून गेले होते. अठराव्या वर्षी बिशप डेमेट्रिअसने धर्मशिक्षणाची शाळा त्याच्याकडे सोपवली. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पकडले गेले, मारले गेले. वधस्तंभापर्यंत तो त्यांच्या सोबत चालत जाई. अशा दिवसांत होमर शिकवत बसणं त्याला विसंगत वाटलं असलं पाहिजे. लायब्ररी दिली ती याच वेळी. त्यातल्या कित्येक पोथ्या सुंदर अक्षरांत उतरवलेल्या होत्या, असं युसेबिअस मुद्दाम नोंदवतो. पुढे कित्येक वर्षं तो अनवाणी राहिला, जमिनीवर झोपला, उपास केले. याच काळात येशूच्या एका वचनाचा अक्षरशः अर्थ घेऊन त्याने स्वतःचं पुरुषत्व नष्ट केलं, असंही युसेबिअस सांगतो. काही आधुनिक अभ्यासकांना ते पटत नाही, कारण मॅथ्यूवरच्या भाष्यात ऑरिजेनने त्या वचनाचा असा अर्थ घेणाऱ्यांची चूक स्पष्ट दाखवली आहे. चूक दुसऱ्याची पाहून शिकला की स्वतःची, याचा निकाल लागणं कठीण आहे.

पण पुस्तकं गेली म्हणून ग्रीक गेलं नाही. त्याच्या शाळेची कीर्ती झाली आणि तत्त्वज्ञान शिकलेली माणसं, निरनिराळ्या पंथांचे लोक प्रश्न घेऊन येऊ लागले. त्यांना उत्तर द्यायचं तर त्यांचं म्हणणं आतून माहीत हवं. ऑरिजेन प्लेटोच्या परंपरेतल्या अमोनिअस साकसकडे जाऊन बसू लागला, अशी साक्ष तत्त्वज्ञ पॉर्फिरीने दिली आहे. याच अमोनिअसपाशी पुढे थोर प्लोटिनस अकरा वर्षं शिकला. ख्रिस्ती मंडळींत कुजबुज सुरू झाली. तेव्हा ऑरिजेनने एका पत्रात आपली बाजू मांडली, की लोक माझ्याकडे ग्रीक विद्या घेऊन येतात तेव्हा त्यांची मतं तपासणं माझं काम आहे, आणि पॅन्टीनसनेही माझ्याआधी हेच केलं होतं. उलट बाजूने पॉर्फिरीची तक्रार अशी, की हा माणूस राहत होता ख्रिस्ती माणसासारखा, पण देवाविषयी आणि जगाविषयी त्याची मतं ग्रीकच होती आणि ती त्याने परक्यांच्या पुराणकथांना चिकटवली. एका बाजूला तो जास्त ग्रीक वाटे, दुसऱ्या बाजूला ग्रीक विद्येचा चोर. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसलाच प्रकार.

अँब्रोस नावाच्या एका श्रीमंत माणसाला त्याने वादात जिंकून आपल्या पंथात आणलं होतं. या अँब्रोसने त्याच्यासाठी लेखनाचा जणू कारखानाच उघडून दिला. सातांहून अधिक लघुलेखक आळीपाळीने बसत. त्यांच्या जोडीला नकला करणारे आणि सुवाच्य अक्षर असलेल्या मुली. ऑरिजेन बोलत राही आणि हे लोक उतरवून घेत. त्यातून 'आदितत्त्वांविषयी' हा ग्रंथ निघाला. ख्रिस्ती धर्मविचाराची पद्धतशीर मांडणी करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. त्याची सुरुवात मला फार प्रामाणिक वाटते. प्रेषितांनी अमुक गोष्टी निःसंदिग्ध सांगितल्या आहेत, त्या आम्ही मानतो. अमुक गोष्टी त्यांनी मोकळ्या ठेवल्या आहेत, त्यांचा शोध घेणं अभ्यासूंचं काम. जमेची बाजू आणि येणी बाजू, दोन्ही पहिल्याच पानावर मांडलेल्या.

त्याच्यापुढचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. देव न्यायी आणि दयाळू असेल, तर एक मूल राजवाड्यात आणि दुसरं गुलामाच्या खोपटात का जन्माला येतं? काही पंथ सांगत, की माणसांच्या जातीच मुळात वेगवेगळ्या, काही तरणाऱ्या आणि काही बुडणाऱ्या. ऑरिजेनला हे मान्य नव्हतं. त्याने प्लेटोकडून एक कल्पना घेतली. सगळे विवेकी जीव सुरुवातीला सारखेच होते, देवाच्या चिंतनात मग्न होते. स्वतःच्याच इच्छेने ते त्या उबेपासून दूर सरकले, गार पडले. ग्रीकमध्ये 'आत्मा' आणि 'गार होणं' हे शब्द सारखे दिसतात, त्याचा त्याने इथे उपयोग केला आहे. जो जितका सरकला तितकं त्याचं पुढचं जिणं ठरलं. हे जग ही सूड घेण्याची नाही, दुरुस्तीची जागा आहे. आणि दुरुस्तीला मुदत नाही. कधी ना कधी सगळे जीव आपल्या मूळ ठिकाणी परततील, अशी त्याची आशा होती.

आपल्याकडे काही व्याख्यानांत ठासून सांगितलं जातं, की पहिले ख्रिस्ती पुनर्जन्म मानत, ऑरिजेन तेच शिकवत होता आणि चर्चने ते नंतर पुसून टाकलं. हे खरं नाही. आत्मा जन्माआधी असतो, असं तो मानत होता. पण एलियाचा आत्मा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या रूपाने परत आला काय, या प्रश्नाचं मॅथ्यूवरच्या भाष्यात त्याने स्पष्ट नकारार्थी उत्तर दिलं आहे. त्याला ओढून आपल्यात आणण्याचं कारण नाही. तो आपल्या जागी पुरेसा मोठा आहे.

२३१ च्या सुमारास पॅलेस्टाइनमधल्या सीझरियाला गेला असताना तिथल्या बिशपांनी त्याला धर्मगुरूची दीक्षा दिली. डेमेट्रिअसला हे आपल्याला डावलून केलेलं वाटलं. सभा भरल्या, ठराव झाले आणि ज्या शाळेत त्याने तारुण्य घालवलं, त्या शहराचं दार त्याला बंद झालं. कार्यालयीन राजकारण तिसऱ्या शतकातही असंच चाले. ऑरिजेन सीझरियात राहिला आणि त्याने तिथे नवी शाळा उभी केली.

इथे त्याने जे एक काम तडीस नेलं, ते मी अगदी बँकेच्या माणसाच्या नजरेने पाहतो. ज्यू पंडितांशी वाद होत तेव्हा ते म्हणत, तुमच्या ग्रीक बायबलमध्ये आहे ते आमच्या मूळ हिब्रूत नाहीच. ऑरिजेनने सहा रकान्यांचा एक प्रचंड ग्रंथ तयार केला. पहिल्या रकान्यात हिब्रू, दुसऱ्यात तेच ग्रीक लिपीत, पुढे चार निरनिराळी ग्रीक भाषांतरं. ग्रीकमध्ये असून हिब्रूत नसलेल्या मजकुराला एक खूण, हिब्रूत असून ग्रीकमधून गळलेल्याला दुसरी. आमच्या खात्यात आहे पण त्यांच्या खात्यात नाही, त्यांच्याकडे आहे पण आमच्याकडे नाही, असा दोन वह्यांचा ताळमेळ आम्ही वर्षानुवर्षं घालत आलो. ताळमेळाचा पहिला नियम असा, की फरक दडवायचा नाही, तो खुणेसकट दाखवायचा. गंमत अशी, की या खुणा अलेक्झांड्रियाच्या ग्रीक पंडितांनी होमरच्या काव्याची प्रत तपासण्यासाठी तयार केल्या होत्या. होमर विकून टाकलेल्या माणसाने होमरच्या अभ्यासकांचं हत्यार बायबलसाठी वापरलं.

शाळेत कसं शिकवत, हेही आपल्याला ठाऊक आहे. कायदा शिकायला निघालेला ग्रेगरी नावाचा तरुण सीझरियात आला आणि पाच वर्षं तिथेच राहिला. निरोपाच्या भाषणात त्याने सगळा अभ्यासक्रम सांगितला आहे. आधी तर्क, मग निसर्गविज्ञान, भूमिती, खगोल, मग नीती. त्यानंतर देव न मानणारे सोडून सर्व पंथांचे तत्त्वज्ञ वाचायचे, कुणा एकाला बांधून घ्यायचं नाही. आणि अखेरीस बायबल. या ग्रेगरीला ऑरिजेनने लिहिलेलं पत्रही शिल्लक आहे. इजिप्तमधून निघताना ज्यूंनी तिथलं सोनंनाणं बरोबर घेतलं आणि त्यातून देवाच्या उपासनेची उपकरणं घडवली. तशी तू ग्रीकांची विद्या घे, असं तो सांगतो. पण लगेच पुढे बजावतो, की त्याच सोन्याचं वासरूही घडवता येतं. उसन्या भांडवलात धोका असतो, हे तो कधी विसरला नाही. मात्र धोका आहे म्हणून त्याने कर्ज नाकारलं नाही.

साठी ओलांडल्यावर, २४८ च्या सुमारास, अँब्रोसने त्याच्यापुढे एक जुनं पुस्तक ठेवलं. सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने सत्तर वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्मावर केलेली ती जळजळीत टीका होती. सेल्ससच्या मते ख्रिस्ती म्हणजे लोकर पिंजणारे, चांभार, परीट, जे शहाण्यांसमोर तोंड उघडत नाहीत आणि बायकापोरांना गाठून सांगतात, की विचारू नका, नुसता विश्वास ठेवा. जे काही चांगलं ते सांगतात ते प्लेटोने आधीच आणि अधिक चांगलं सांगून ठेवलं आहे.

ऑरिजेनने आठ खंडांत उत्तर लिहिलं. त्यात तो सेल्ससवर चिडतो, टोमणे मारतो. सेल्ससचे मुद्दे उघड प्लेटोच्या वळणाचे असताना त्याला एपिक्युरसच्या पंथाचा ठरवू पाहतो. संतपण सगळीकडे टिकलेलं नाही. पण उत्तरं मोलाची आहेत. प्लेटो मोठाच, हे तो मान्य करतो. मात्र त्याचं अन्न श्रीमंतांच्या पंक्तीसाठी शिजवलेलं आहे, आणि अनेकांच्या पोटात जाईल असं शिजवणाराही हवा, असं त्याचं म्हणणं. चांभार आणि परीट यांचीच बाजू त्याने घेतली, आणि घेतली ती ग्रीक वादपद्धतीने.

त्याहून मोठी गोष्ट त्याच्या पद्धतीत आहे. तो सेल्ससचा एकेक उतारा आधी शब्दशः देतो आणि मग त्याला उत्तर देतो. पुढे सेल्ससचं मूळ पुस्तक जगातून नाहीसं झालं. पॉर्फिरीने ख्रिस्ती धर्मावर लिहिलेला ग्रंथ तर ४४८ साली सम्राटांच्या हुकमाने जाळला गेला. आज सेल्ससचे विचार आपल्याला त्याच्याच शब्दांत वाचता येतात, ते ऑरिजेनमुळे.

२५० साली सम्राट डेसिअसने सगळ्या प्रजेला देवतांना बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला. ऑरिजेन पकडला गेला. गळ्यात लोखंडी कडं घातलं, पाय लाकडी खोड्यात चौथ्या भोकापर्यंत ताणले, जाळण्याच्या धमक्या दिल्या. न्यायाधीशाने तो मरणार नाही याची मात्र काळजी घेतली, कारण त्यांना हवा होता त्याचा नकार. तो मिळाला नाही. डेसिअस २५१ मध्ये युद्धात मारला गेला. सुटलेला, मोडलेला ऑरिजेन २५३ च्या सुमारास टायर शहरात वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी वारला. सोळाव्या वर्षी ज्या मरणासाठी तो आसुसला होता, ते त्याला पन्नासेक वर्षं उशिरा, तेही अर्धवटच मिळालं.

पुढची कथा खेदाची आहे. ३२५ च्या निकियाच्या परिषदेत पित्याचं आणि पुत्राचं नातं सांगायला बायबलमध्ये नसलेला एक ग्रीक तात्त्विक शब्द निवडला गेला. ग्रीक तत्त्वज्ञान आता घरचंच झालं होतं. पण ज्याने ते घरात आणलं, त्याच्यावर संशय वाढत गेला. जेरोम त्याचा भक्त होता, तो वैरी बनला. रुफिनसने 'आदितत्त्वांविषयी' लॅटिनमध्ये उतरवलं, पण अडचणीची वाक्यं सौम्य करून. जिवंत असतानाच ऑरिजेनने तक्रार केली होती, की एका वादाची नोंद प्रतिपक्षाने फेरफार करून पसरवली. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद पाडलं. त्याच जस्टिनियनने ५४३ मध्ये ऑरिजेनच्या मतांविरुद्ध फर्मान काढलं, आणि ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याचं नाव पाखंडींच्या यादीत बसलं. मरून तीनशे वर्षं झालेल्या माणसाचा हा निवाडा. उत्तर द्यायला तो नव्हता. मग त्याची पुस्तकं कोण उतरवून घेणार? मूळ ग्रीकमधलं बहुतेक लेखन गेलं. सहा रकान्यांचा तो ग्रंथही गेला.

तरी काही परत आलं. १९४१ साली इजिप्तमध्ये कैरोजवळ तुरा इथल्या खाणींच्या गुहा लष्कराच्या दारूगोळ्यासाठी साफ करताना पपायरसच्या वह्या सापडल्या. त्यांत ऑरिजेनच्या एका चर्चेचा वृत्तान्त होता. हेराक्लायडीस नावाच्या बिशपच्या मतांबद्दल शंका आली म्हणून ती सभा भरली होती. ऑरिजेन त्याला छोटे छोटे प्रश्न विचारत, एकेक पायरी मान्य करून घेत पुढे नेतो. पद्धत सॉक्रेटिसची, हेतू बंधुभावाचा. २०१२ मध्ये म्युनिकच्या ग्रंथालयात सूची करताना एका जुन्या हस्तलिखितात त्याची स्तोत्रांवरची २९ ग्रीक प्रवचनं हाती लागली. कित्येक शतकं ती कपाटात होती, फक्त वर त्याचं नाव नव्हतं.

सेल्ससला दिलेलं उत्तर मी भाषांतरातून वाचत होतो तेव्हाची गोष्ट. विरोधकाचा उतारा, मग त्याचं खंडन, पुन्हा उतारा, पुन्हा खंडन. वाचता वाचता मनात आपोआप एक शब्द उमटला, पूर्वपक्ष. आणि मी थबकलो. हा शब्द माझा नव्हता. तो वडिलांचा होता. मी अकरावीत असताना देवधर्मावरून त्यांच्याशी तावातावाने भांडत असे. तेव्हा ते म्हणत, की आधी माझं म्हणणं मला पटेल अशा शब्दांत मांडून दाखव, त्यानंतर ते खोडून काढ. त्यांच्या भाष्यग्रंथांत तसंच करतात, हेही ते सांगत. चार्वाकाचं मूळ लेखन नाहीसं झालं, तरी त्याचा विचार आपल्याला माहीत आहे तो बव्हंशी त्याच्या विरोधकांनी पूर्वपक्ष म्हणून नोंदवल्यामुळे, ही गोष्टही मी त्यांच्याकडूनच ऐकलेली. अर्थात पूर्वपक्ष मांडणारा दर वेळी प्रामाणिक असतोच असं नाही. पण मांडायचा असतो, हे तर त्याला मान्य असतं.

मी बुद्धिवादी झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत माझ्याशी न पटणाऱ्या माणसांना बोलू दिलं. ते मी कुठे शिकलो, असं कुणी विचारलं असतं तर मी दोन-चार परदेशी लेखकांची नावं सांगितली असती. वडिलांचं नाव माझ्या तोंडी आलं नसतं.

ऑरिजेनने पुस्तकं दिली आणि रोजचे चार ओबोल घेतले. मी एकदाच पैसे घेतले आणि टेम्पोवाल्याला दिले. व्यवहार संपला, असं मी धरून चाललो होतो. त्या दोन पोत्यांवरचं काहीतरी मला इतकी वर्षं रोज मिळत होतं, ते मी कधी जमेला धरलंच नाही. आई असती तर तिला सांगितलं असतं.